झडती घेणाऱ्यांचा हिशेब : बोकारो ते काकडी

नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावसारख्या गावांत पहाटे धावण्याचा सराव करणाऱ्या तरुणांच्या स्वप्नात केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची खाकी वर्दी असतेच. पाऊस हुलकावणी देणाऱ्या कर्जत तालुक्यात सरकारी पगाराचे मोल वेगळे सांगायला नको. याच जिल्ह्यात, काकडी येथील शिर्डी विमानतळावर, हे दल प्रवाशांची झडती घेते. त्या वर्दीमागे मात्र एक रक्तरंजित कामगार-तंटा आहे.

10 मार्च 1969 रोजी स्थापन झालेले हे दल मुळात सार्वजनिक कारखान्यांच्या राखणीसाठी होते. कारखान्यातल्या कामगाराला युनियन. त्याच फाटकावरच्या जवानाला केवळ हुकूम. 1979 मध्ये दलात असंतोष पेटला. जूनअखेर बोकारोच्या पोलाद कारखान्यात लष्कर बोलवावे लागले, गोळीबार झाला, माणसे मेली. पाठोपाठ अनेक जवान चौकशीविना बडतर्फ झाले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 11 जुलै 1985 च्या तुलसीराम पटेल निकालात पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी ही बडतर्फी वैध ठरवली. चौकशी घेणे व्यवहार्य नसेल तर राज्यघटनेच्या 311व्या कलमातील अपवाद वापरता येतो, असे बहुमताचे म्हणणे. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती दि. पि. मादन म्हणजे भिवंडीच्या 1970 च्या दंगलीची कसून चौकशी करणारे तेच मादन. चौकशीचे मोल त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? परिस्थिती निवळल्यावर अपिलात चौकशी मागता येईल, एवढी फट त्यांनी ठेवली. न्यायमूर्ती ठक्कर यांनी मात्र भिन्नमत नोंदवले.

दरम्यान ऑगस्ट 1982 मध्ये मुंबईचे पोलीस रस्त्यावर उतरले. गिरणी संप चालूच होता. पोलीसही उतरल्याने शासन हादरले आणि पोलिसांच्या संघटनेची मान्यता गेली. 1983 च्या कायदादुरुस्तीने औद्योगिक सुरक्षा दल ‘संघराज्याचे सशस्त्र दल’ बनले व संघटना करण्यावर निर्बंध आले. संपाचे दार बंद झाले. ते बंद करणे समर्थनीय होते. शस्त्रधाऱ्यांचा संप कोणत्याही शहराला परवडत नाही. चूक झाली ती पुढे: गाऱ्हाणे ऐकणारे दुसरे, तितकेच भक्कम दार उघडले गेले नाही.

विमानतळ या दलाकडे आले ते डिसेंबर 1999 च्या कंदाहार प्रकरणानंतर. अपहृत विमान काठमांडूहून सुटलेले, पण व्यवस्था बदलली भारतातली. तोवर विमानतळ राज्यांच्या पोलिसांकडे असत. फेब्रुवारी 2000 मध्ये जयपूरपासून सुरुवात झाली.

आता वारे उलट वाहते आहे. 2022 मध्ये विमानतळांवरील या दलाची तीन हजारांहून अधिक पदे रद्द करून रांगा लावणे, काही दारांवर उभे राहणे अशी कामे खासगी रक्षकांकडे देण्याचे ठरले. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानाच्या क्ष-किरण प्रतिमाही अनेक ठिकाणी विमानतळचालकांचे कर्मचारी पाहतात. अमेरिकेने हा मार्ग आधीच चालून पाहिला होता. 2001 पूर्वी तिथली तपासणी विमान कंपन्यांच्या कंत्राटदारांकडे होती. पगार तुटपुंजा, माणसे टिकत नसत. नोव्हेंबर 2001 च्या कायद्याने ते काम सरकारी झाले. सामूहिक वाटाघाटीचा मर्यादित हक्क मात्र तपासनिसांना 2011 मध्ये मिळाला. त्याही आधारावर 2018-19 च्या 35 दिवसांच्या सरकारी टाळेबंदीत त्यांना बिनपगारी राबावे लागलेच.

महाराष्ट्राला यासाठी अमेरिकेकडे पाहण्याची गरज नाही. 1981 चा खासगी सुरक्षारक्षक कायदा माथाडी कायद्याच्या धर्तीवर इथेच झाला. रक्षकाची नोंदणी मंडळाकडे, मंडळावर शासन, मालक आणि रक्षक तिघांचे प्रतिनिधी. याच कायद्याच्या 23व्या कलमात एजन्सींना सूट देण्याची तरतूद आहे आणि त्या वाटेने कायद्याचे बळ झिरपते. विमानतळांवर कंत्राटी माणूस नेमायचाच असेल तर ही सूट तिथे असू नये. सामानातला सुरा नजरेतून निसटला तर तो माणूस जबाबदार धरला जाईलच. पण सलग किती तास तो पडद्यासमोर बसला होता, पाळी कोणी लावली होती, याची नोंदही त्याच चौकशीत मांडली गेली पाहिजे. ही नोंद ठेवण्याची जबाबदारी कंत्राटदारावर सोडता येणार नाही, ती मंडळाची असावी.