तहकूब सभेचं गाव

१५ ऑगस्टला आमच्या गावची ग्रामसभा जिलेबीबरोबरच संपली. कोरम लागतो १५ टक्के किंवा १०० मतदारांचा, कमी असेल तो. मी डोकी मोजली, तेवीस. त्यात चार ग्रामपंचायतीचेच कर्मचारी. सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, एवढा आपला कायदा कनवाळू. ती पुन्हा कधी भरली, मला पत्ता नाही. रजिस्टरात माझी सही मात्र आहे. सुबक आहे, माझ्याहून चांगली.

असल्या सभेत घरकुलाची यादी मंजूर होते. दारात ट्रॅक्टर असलेला यादीत, गळक्या छपराखालचा 'पुढच्या वर्षी'. वर साहेब म्हणणार, गरिबांनाच पुढे यायचं नाही!

मेंढा (लेखा) या गडचिरोलीतल्या गोंड गावाला हे ऐकवा. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात. एक जण अडला तरी पुन्हा बसायचं. वनहक्क कायदा २००६चा, गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला २००९ला. हक्क मिळाला, बांबू हलेना. वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या कपाटात! कायदा म्हणतो बांबू गौण वनोपज, खातं तेव्हा म्हणायचं वृक्ष. (बांबू गवत आहे, हे शाळकरी पोरालाही ठाऊक.) २७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा कुठे ते पुस्तक गावाचे म्होरके देवाजी तोफा यांच्या हाती पडलं. गावाला पावती फाडू द्यायला दिल्ली आणि मुंबई दोघींना हलावं लागलं. पण त्यानंतर बांबू ग्रामसभेने विकला आणि पैसाही तिच्याच खात्यात आला. तोडणाऱ्याला मजुरी मिळाली, वर गावाकडे शिल्लकही राहिली. पिढ्यान् पिढ्या याच जंगलात राहून ही माणसं गरीब कशी राहिली, याचं उत्तर त्या कपाटात होतं.

आमच्याकडे जंगल नाही, निधी आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीला आला. त्यातला ६० टक्के बंधित, पाणी आणि स्वच्छतेपुरता. उरलेल्या चाळिसात गावाने डोकं चालवायचं. चालवलं. वेशीवर सिमेंटची कमान.

कमानीच्या ठरावाची नक्कल मागायला गेलो. ग्रामसेवकाने इतिवृत्त काढलं, ओळीवर बोट ठेवलं आणि चकित होऊन म्हणाला, "सर, याला तर तुमचंच अनुमोदन आहे."