आमवाताची नवी गोळी : घ्यावी की न घ्यावी ?

गेल्या रविवारी आमच्या परिचयाच्या एका घरी भोजनाला जाण्याचा योग आला. घरच्या काकी एके काळी गणेश चतुर्थीला पन्नास माणसांचा स्वयंपाक एकट्याने करीत. आता सकाळी उठल्यावर तासभर त्यांना मूठ मिटता येत नाही. डॉक्टरांनी आमवातावरची एक नवी गोळी सुचविली आहे, आणि तिच्या डबीतला बारीक अक्षरांचा कागद टेबलावर पसरून सारे घर चर्चेला बसले होते. "हृदयविकार, कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या ! हे औषध की विष ?" असे थोरले चिरंजीव म्हणाले. परदेशातून भाचीचा फोन आला, तिचे मत नेमके उलट. काकी गप्प होत्या. त्यांचे मत कोणी विचारलेच नाही. म्हणून हे चार शब्द.

आमवात म्हणजे म्हातारपणी झिजणारे गुडघे नव्हेत. शरीराचे रक्षण करणारी शक्ती यात आपल्याच सांध्यांवर उलटते. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो आणि पुष्कळदा ऐन संसाराच्या वयात गाठतो. पहिल्या काही वर्षांतच सांध्यांची हाडे खाल्ली जाऊ शकतात, आणि एकदा वाकलेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत. एवढेच नव्हे, तर हृदयविकाराचा धोका हा रोग स्वतःच वाढवितो. तेव्हा औषध न घेणे म्हणजे धोका न घेणे, हा समज आम्हाला मुळातच चुकीचा वाटतो. कागदावर गोळीचे अपाय छापलेले असतात. रोगाच्या अपायांचा कागद कोणी डबीत घालीत नाही.

जुने व मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्यास प्राणावर बेतते, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. त्याने भागले नाही तर पुढची पायरी येते : इंजेक्शने, किंवा ही नवी गोळी. नव्या गोळ्यांपैकी पहिली टोफासिटिनिब, अमेरिकेत २०१२ साली मान्य झाली. पेशींच्या आत दाहाचा निरोप पोचविणारा जो घटक ती अडविते, त्याला शास्त्रज्ञांनी जेनस या रोमन देवाचे नाव दिले आहे. या देवाला दोन तोंडे आहेत ! औषधाच्या गुणाला शोभेलसे हे नाव.

आता धोक्याचे माप पाहू. जानेवारी २०२२ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ४,३६२ रोगी होते. सारे पन्नाशीचे वा त्यापुढचे, आणि प्रत्येकाला धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह यांसारखे हृदयाला घातक असे किमान एक कारण होते. सुमारे चार वर्षांत गोळी घेणाऱ्या दर हजारात ३४ जणांना हृदयविकार वा पक्षाघातासारखे गंभीर आघात झाले, तर जुनी इंजेक्शने घेणाऱ्या हजारात २५ जणांना. कर्करोग ४२ विरुद्ध २९. फरक खरा आहे, पण चिरंजीव समजत होते तसा घरटी एक नव्हे. या अभ्यासावरून अमेरिकेच्या औषध नियामक खात्याने २०२१ सालीच ठळक इशारा दिला होता. युरोपच्या औषध संस्थेने २०२२ साली सांगितले की पासष्टीपुढच्या, धूम्रपान करणाऱ्या वा पूर्वी दीर्घकाळ केलेल्या, आणि हृदयविकार वा कर्करोगाचा धोका असलेल्या रोग्यांना दुसरा योग्य उपाय नसेल तेव्हाच ही गोळी द्यावी.

वाचकहो, ही यादी पुन्हा एकदा वाचा. आपल्या मॉरिशसमध्ये जवळजवळ दर पाच प्रौढांत एकाला मधुमेह आहे. त्या अभ्यासातले रोगी आपल्याच काका-काकींसारखे होते. म्हणून साठीच्या, मधुमेह असलेल्या काकींनी "इंजेक्शन आधी का नको ?" असे डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. पस्तिशीच्या निरोगी हृदयाच्या भगिनीचा हिशेब निराळा. तिने अपत्याचा विचार असल्यास तो आधी सांगावा, कारण गरोदरपणी मेथोट्रेक्सेट चालत नाही आणि ही गोळीही टाळतात. क्षय व कावीळ यांची तपासणी झाली का, नागिणीची लस गोळीपूर्वी घ्यावी का, रक्त किती दिवसांनी तपासायचे, हेही विचारावे. डॉक्टर घाईत असतात हे खरे, पण आपणही तेथे फार लाजतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला फार खटकली. गोळीच्या नावाने ओरडणाऱ्या त्याच घरात कोणी भारतातून आणलेली एक पुडी कपाटात होती. "झाडपाल्याची, अपाय काहीच नाही !" पुडीवर ना घटक, ना कारखान्याचे नाव. अशा पुड्यांत गुपचूप स्टेरॉइड मिसळल्याचे अनेकदा उघडकीस आले आहे. चार दिवसांत दुखणे पळते ते त्यामुळेच. पुढे साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. आणि महिनोन् महिने घेतल्यावर ती एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. पुडी लपवू नये, डॉक्टरांपुढे ठेवावी. घरच्या तिझानबद्दलही सांगावे.

जेवणानंतर आम्ही काकींनाच विचारले. त्या म्हणाल्या, "चार वर्षांचे तुम्ही मोजता. मला उद्या सकाळी वेणी घालता यावी." चिरंजीव काही बोलले नाहीत. पुढच्या भेटीला काकी स्वतः जाणार आहेत, प्रश्न सुनेकडून कागदावर लिहून घेतले आहेत, आणि ती पुडी पिशवीत आहे.