सुरगाठ आणि निरगाठ

घाऊक धान्याच्या व्यापाऱ्याने भेटवस्तूवरील फितीविषयी लिहावे, हे संपादक मंडळास कदाचित विचित्र वाटेल. बाजारभाव, सेस, गोदामांची टंचाई असे भारदस्त विषय सोडून हा गृहस्थ फुलाच्या गाठीत का गुंतला, असा प्रश्न व्यापारी बंधूही करतील. परंतु ज्याचे आयुष्य सुतळी आणि बारदान यांच्या संगतीत गेले, त्यास गाठीविषयी दोन शब्द बोलण्याचा थोडासा अधिकार असावा.

दिवाळीस दुकानातील माणसांना भेट देण्याची बेळगावच्या आमच्या रविवार पेठेतील चाल जुनी आहे. पूर्वी पुडा कागदात गुंडाळून, डोक्यावर टांगलेल्या रिळाचा दोरा त्याभोवती फिरवून वाणी अशी गाठ मारी की, घरी पोराने एक टोक ओढताच पुडा मोकळा होई. आता चकचकीत खोके येते व त्यावर प्लास्टिकचे तयार फूल डकवलेले असते. दोन वर्षांपूर्वी मीही तसलीच खोकी मागविली. आमच्याकडील एका वृद्ध हमालाने आपले खोके तेथेच उघडू पाहिले. फूल ओढले, ते निघेना. फीत बुडाशी डिंकाने पक्की केलेली. अखेर दिवाणजींकडे कात्री मागावी लागली आणि चारचौघांत म्हातारा ओशाळला. यंत्राने शिवलेल्या पोत्याचे नेमके टोक हेरून एका हिसक्यात सबंध तोंड मोकळे करणारा हा मनुष्य! दोष त्याच्या बोटांचा नव्हता, माझ्या भेटीचा होता.

आपल्या भाषेत सुरगाठ आणि निरगाठ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत, ते उगाच नव्हेत. माल परगावी धाडावयाचा तर निरगाठच हवी. वाटेत कोणाचा हात लागेल याचा भरवसा नसतो. भेट मात्र ज्याची त्याने उघडावी म्हणूनच बांधलेली असते. फितीचे फूल ही मुळात सुरगाठच होय. दोन्ही पदर दुमडून घेतलेले असल्यामुळे टोक ओढले की ती सुटते. डकवलेल्या फुलात शोभा तेवढी उरली, गाठ गेली.

ही गाठ मी नातीकडून शिकलो. माझे फूल दर वेळी आडवे बसण्याऐवजी वाकडे उभे राही व घटकाभरात सैल होई. कारण कळले तेव्हा हसू आले. पहिल्या वेढ्यात उजवे टोक डाव्यावरून नेले, तर दुसऱ्यात डावे उजव्यावरून न्यावयाचे. मी दोन्ही वेळा उजवेच वर घेत होतो. नवख्या हमालाच्या सुतळीतील नेमका हाच दोष मी ४० वर्षे काढीत आलो आहे!

फीत म्हणजे बारदानच, ते तोलातून वजा जावयाचे, मग त्यावर खर्च कशास, असे कोणी म्हणेल. म्हणणे निम्मे खरे आहे. मिठाईच्या खोक्यांभोवती प्लास्टिकची पातळ गुंडाळी घालण्यास केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून बंदी केली. त्यापुढचे पाऊल आपण आपल्या हाताने टाकावयास हरकत नसावी. रेशमी म्हणून मिळणारी चकाकती फीतही बहुधा पॉलिएस्टरचीच असते. मी सुती फीत घेतो. ती निसटत नाही, गाठ धरते आणि धुऊन इस्त्री केली की पुन्हा कामास येते. २० सेंटिमीटर लांब, १५ रुंद व ५ उंच अशा खोक्यास उभा-आडवा वेढा ९० सेंटिमीटर खातो. फुलास व टोकांस ६० धरले की दीड मीटरमध्ये काम भागते. टोके तिरपी कापावीत, म्हणजे सूत लवकर सुटत नाही.

गेल्या दिवाळीस पेढीवर बसून आम्ही ४० खोकी हातांनी बांधली. एक सबंध दुपार गेली. त्या वृद्ध हमालाने टोक ओढले, खोके उघडले, फीत बोटांभोवती गुंडाळून खिशात टाकली. बारदान म्हणून ती परत मागावयाची काय, असे दिवाणजींनी हळूच विचारले. मी नको म्हटले.