अक्कांचा अंगठा सांभाळायचा कोणी?

मा. जिल्हाधिकारी, मा. महापालिका आयुक्त, मा. पोलीस आयुक्त, तसेच सोलापुरातल्या बँका, पतसंस्था, मोबाइल कंपन्या आणि विडी कारखान्यांचे चालक यांस,



मी पूर्व भागात राहते. आमच्या गल्लीतल्या एक अक्का चाळीस वर्षे विड्या वळत आहेत. पान कातरून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून त्यांची बोटे इतकी गुळगुळीत झाली आहेत की रेशन दुकानातले मशीन त्यांचा अंगठा पहिल्या वेळी घेतच नाही. "पुन्हा ठेवा", "जोरात दाबा", "दुसरं बोट द्या" हे त्यांना पाठ झाले आहे. दोन वर्षांपूर्वी सिमकार्ड घ्यायला गेल्या, तेव्हा तिथल्या माणसानेही तीनदा अंगठा ठेवायला लावला. अक्कांना त्यात वावगे वाटले नाही. गेल्या महिन्यात मी त्यांच्या शेजारी बसून 'संचार साथी' हे सरकारी संकेतस्थळ उघडले, तर त्यांच्या नावावर तीन क्रमांक निघाले. अक्कांकडे फोन एकच आहे.

कोणी फसले की आपल्याकडे पहिला प्रश्न फसलेल्यालाच विचारतात : ओटीपी कोणाला सांगितलात का? अक्कांनी कोणाला काही सांगितले नव्हते. त्यांनी अंगठा दिला, कारण सिमसाठी, धान्यासाठी, फंडाच्या पैशांसाठी तो मागितला जातो. मागणारे तुम्ही आहात, म्हणून हे पत्र तुम्हाला.

देशातले पहिले आधार कार्ड आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. तेव्हापासून अक्कांनी किती झेरॉक्स दिल्या असतील? विडीच्या ब्रँचमध्ये, बचत गटात, नातीच्या शाळेत, दवाखान्यात, लाडकी बहीणच्या अर्जाला. काही तर त्यांच्या मुलाने सेवा केंद्रवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवल्या, आणि त्या अजून त्याच्या फोनमध्ये असणार. कुंभारीच्या रे नगरात विडी आणि असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची वसाहत आहे. त्यातली १५ हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या हाती आली, तेव्हा आमच्या भागात डोळे भरून आले होते. घर असो की शिष्यवृत्ती, प्रत्येक योजनेमागे माणसागणिक कागदांचा एक गठ्ठा जमतो. काम झाल्यावर त्या गठ्ठ्याचे काय करायचे, याचा नियम कागद देणाऱ्याला माहीत असायला हवा.

कायदा आहे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. २०२३ मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती नीट न सांभाळल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण बहुतेक कलमे मे २०२७ पर्यंत लागू होणार नाहीत, आणि मुळात हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. स्कॅन न केलेली, कपाटात पडून राहिलेली झेरॉक्स त्यात बसत नाही. ती जागा तुम्हालाच भरावी लागेल.

एकट्या माणसाला हे का जमत नाही, तेही सांगते. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरू कार्यालयाने झेरॉक्स सरसकट कोणालाही देऊ नका असे पत्रक काढले, आणि दोन दिवसांत ते मागे घेतले गेले. शेवटचे चारच आकडे दाखवणारे मास्क केलेले आधार मिळते, पण काउंटरवर "हे चालत नाही" म्हणतात. बोटांचे ठसे लॉक करता येतात, पण दर महिन्याला रेशनला अंगठा लागणाऱ्या बाईने ते लॉक कोणाच्या मदतीने उघडायचे? अनधिकृत व्यवहाराची तक्रार बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत केली आणि चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसली, तर ग्राहकावर भुर्दंड नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच ठरवले. अक्कांच्या खात्याचा निरोप जातो पुण्यात काम करणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर. त्यांना कळते ते पासबुकावर एंट्री मारल्यावर.

चोर मात्र सगळे धागे जोडतो. तेलंगणातल्या पेद्दापल्ली जिल्ह्यात २०१८ मध्ये एका सिमविक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरचे दस्त उतरवून घेतले, त्यांवरच्या अंगठ्यांचे कृत्रिम ठसे बनवले आणि हजारो सिम सुरू केली. जमिनीच्या कागदावरचा अंगठा मोबाइलच्या दुकानात वापरला गेला. त्याच वर्षी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ११ आणि १३ ऑगस्टला मिळून ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. त्यातले बरेचसे २८ देशांतल्या एटीएममधून निघाले; इतक्या ठिकाणचे चोरही एकमेकांना जोडलेले होते.

संस्था एकत्र आल्यावर काय होते, याचा दाखलाही आपल्यापुढे आहे. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० वर फोन केला की पोलीस आणि बँका एकाच यंत्रणेवर येतात, आणि वेळेत कळले तर पुढच्या खात्यात निघालेली रक्कम अडवता येते. ही जोडणी पैसे गेल्यानंतरची आहे. माझी मागणी त्याआधीच्या जोडणीची आहे.

जिल्हाधिकारी आणि आयुक्तांनी मिळून एक आदेश काढावा : जिथे कार्ड पाहून भागते तिथे झेरॉक्स घेऊ नये, घेतलीच तर तिच्यावर कारण आणि तारीख लिहावी, आणि मास्क केलेले आधार नाकारू नये. सेवा केंद्रांनी काम होताच ग्राहकासमोर फाइल पुसावी. अंगठ्याच्या प्रत्येक प्रयत्नाची पावती मिळावी, मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही, कारण आमच्या भागातल्या कितीतरी बायका मराठी बोलतात पण वाचत नाहीत. विडी ब्रँचवर, जिथे त्या एरवीही रांगेत उभ्या असतात, तिथे मोबाइल कंपन्यांनी आणि सायबर पोलिसांनी टेबल मांडून प्रत्येकीच्या नावावरचे क्रमांक तपासून द्यावेत. आणि बँका, पतसंस्था, पोलीस, महापालिका यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावे. माहिती कुठून फुटली, हे लपवले तर दुसऱ्या संस्थेचे ग्राहक त्याच दाराने लुटले जातील. सहकार या शहराला शिकवावा लागत नाही. सूतगिरण्या, साखर कारखाने, बँका आपण तसेच उभे केले.

पहिल्या बैठकीला अक्का यायला तयार आहेत. तारीख कळवा. फक्त सकाळची वेळ ठेवू नका, तेव्हा त्यांना ब्रँचला विड्या द्यायला जावे लागते.

आपली,
पूर्व भागातली एक रहिवासी, सोलापूर