आधी दवाखाना, मग दंड

गेल्या महिन्यात गोकुळ रोडवरील आमच्या वसाहतीच्या सभेत एक ठराव आला. घरोघरच्या पाळीव कुत्र्यामांजरांचे निर्बीजीकरण महानगरपालिकेने सक्तीचे करावे आणि मुदतीत ते न करणाऱ्या मालकास जबर दंड ठोठवावा, असा त्याचा आशय होता. ठराव मांडणारे गृहस्थ सज्जन आहेत. त्यांचा त्रागाही समजण्यासारखा आहे. पहाटे दर्शनास जावे, तो देवळाच्या फाटकाशी गोणपाटात गुंडाळलेली, डोळेही न उघडलेली पिल्ले कुणीतरी टाकून गेलेले दिसावे, हे त्यांनी पाहिले आहे. मीही पाहिले आहे. तथापि ठरावाविरुद्ध हात वर करणाऱ्या तिघांत मी एक होतो. त्याची कारणे सभेत सांगण्यास अवसर मिळाला नाही, ती येथे मांडतो.

कायदा नाही म्हणून हे घडते, ही समजूतच मुळात चुकीची आहे. जनावरास उपाशी मरण्याच्या स्थितीत टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे अपराध आहे; पहिल्या अपराधास पन्नास रुपयांपर्यंत दंड ठरविण्यात आला. पुढे 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी पाळीव जनावराचे जंतनिर्मूलन, लसीकरण व निर्बीजीकरण ही जबाबदारी स्पष्ट शब्दांत मालकावर टाकली. कर्तव्य सांगून झाले आहे. नाही ती ते पार पाडण्याची सोय. कायदा अशक्य गोष्टीची सक्ती करीत नाही, हे न्यायशास्त्राचे जुने सूत्र आहे. ज्याला दवाखाना परवडत नाही, त्याला दवाखान्यात न गेल्याबद्दल दंड करणे हा त्या सूत्राचा उपहास होय.

हा दंड कोणावर पडेल, याचा विचार करा. बंगल्यातील विलायती कुत्र्याचा मालक खाजगी पशुवैद्यास दूरध्वनी करील आणि मोकळा होईल. कारखान्याचा रखवालदार, दूधवाला, चार घरी धुणीभांडी करणारी बाई यांनी काय करावे? कुत्री सहा महिन्यांची ते वर्षाची झाली की माजावर येते, पुढे बहुधा वर्षातून दोनदा. सुमारे 63 दिवसांत ती विते. नराची शस्त्रक्रिया त्या मानाने सोपी. मादीची मात्र भूल देऊन, पोट उघडून करावी लागते आणि टाके सुकेपर्यंत तिला बंदोबस्तात ठेवावे लागते. खाजगी ठिकाणी या कामास काही हजार रुपये पडतात. सरकारी गुरांच्या दवाखान्याची घडणच मुळी गाईम्हशींसाठी झालेली. अशा माणसाच्या डोक्यावर दंडाचा दंडुका उगारला, तर तो सर्वांत स्वस्त मार्ग धरील: गळ्यातील दोरी सोडील आणि ‘ही कुत्री माझी नव्हे’ म्हणून सांगेल. मग तीच कुत्री रस्त्यावरची ठरते; आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण ही त्याच नियमांनी स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. म्हणजे जो खर्च आज दारात थोडक्यात भागला असता, तोच उद्या एक विण वाढून पालिकेच्या तिजोरीवर पडणार. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी देशभर भटक्या कुत्र्यांचा वाद पेटला. पण भटक्यांचा एक झरा आपल्याच घरांच्या दारांतून वाहतो, हे त्या गदारोळात फारसे कुणी बोलले नाही.

परदेशचा दाखला हवा असेल तर तोही आहे. लॉस एंजेलिस शहराने 2008 मध्ये चार महिन्यांवरील बहुतेक कुत्र्यामांजरांचे निर्बीजीकरण सक्तीचे केले. पंधरा वर्षे लोटल्यावरही तेथील आश्रयगृहे ओसंडतच होती. उलट न्यू हॅम्पशायर राज्याने 1994 मध्ये कुत्र्याच्या परवान्यावर लहानशी जादा पट्टी बसवून तिच्यातून गरिबांस स्वस्त शस्त्रक्रियेची सोय केली, आणि पुढील काही वर्षांत आश्रयगृहांतून मारल्या जाणाऱ्या जनावरांची संख्या झपाट्याने घटली.

पण इतक्या दूर तरी कशाला? कुलदेवतेच्या दर्शनास आपण गोव्याला जातो. तेथे राज्यशासन आणि ‘मिशन रेबीज’ यांनी गेल्या दशकात दारोदार, वाडीवाडीत हिंडून कुत्र्यांना फुकट लस टोचली. 2018 पासून पुढे काही वर्षे रेबीजने माणूस दगावल्याची एकही नोंद तेथे झाली नाही, आणि 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. लस निराळी आणि शस्त्रक्रिया निराळी, हे मान्य. परंतु धडा एकच. पोलीस पाठविण्याआधी त्यांनी लस पाठविली.

‘सोय केली तरी लोक येणार नाहीत’ हा आक्षेप मी पोकळ मानीत नाही. काही जण खरोखरच येणार नाहीत. सोय दारी असूनही जो आळसाने किंवा पिल्ले विकण्याच्या लोभाने टाळील, त्याला अवश्य दंड करा. त्या दिवशी माझा हात ठरावाच्या बाजूने वर जाईल. पण आळशी कोण आणि असहाय कोण, हे सोय झाल्यावरच कळणार.

आता दोन शब्द आपणा देवस्थानच्या मंडळींस. वैश्वदेवाच्या वेळी कावळ्याकुत्र्यांसाठी बली काढणारी आपली परंपरा. दत्तप्रभूंच्या पायांशी चार श्वान आपण रोज पाहतो. धर्मराजाने स्वर्गाच्या दारातही सोबतचे कुत्रे सोडले नाही. आणि आपल्या देवाच्या दारात पिल्ले टाकली जातात, तेव्हा आपण फक्त फाटकास नवे कुलूप लावतो! मंडपात शस्त्रक्रियेचे शिबिर भरवा, असे मी म्हणत नाही. ते काम शस्त्रक्रियागृहातच झाले पाहिजे. पण महिन्यातून एक ठरलेला दिवस पशुवैद्यकाकडून मागून घेणे, जनावरे नेण्याआणण्यास गाडी देणे, मागच्या आवारातील एक खोली टाके सुकेपर्यंत मोकळी ठेवणे आणि गरजवंताचा निम्मा खर्च उचलणे, इतके तर समाराधनेच्या एका पंगतीच्या खर्चात सुरू करता येईल. महानगरपालिकेने जागा व पशुवैद्य द्यावेत, देवस्थानाने माणसे व पैसा.

त्या सभेचा ठराव बहुमताने मंजूर झाला आणि पालिकेकडे रवाना झाला. पुढील सभेत मी दुसरा ठराव मांडणार आहे. तो दंडाचा नाही, वर्गणीचा आहे. त्या दिवशी किती हात वर होतात, ते पाहावयाचे आहे.