लॉग कुठे जातो, ते आधी ठरवा!

मागच्या उन्हाळ्यात आमच्या जळगावच्या दुकानात सकाळी शटर उघडलं, तर बिलिंगच्या कॉम्प्युटरमधून तीन दिवसांची बिलं गायब. रात्री बाहेरून कुणी शिरलं, का आमच्याच माणसाचा हात लागला? राउटरच्या लॉगमध्ये काहीतरी धागा मिळाला असता. पण मी घाईघाईत राउटर बंद-चालू केला आणि लॉग पुसला गेला. काउंटरवरच्या पोराकडे मात्र आठ दिवस संशयाने बघत राहिलो. पुरावा ना त्याच्याकडे, ना माझ्याकडे.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: लॉग दुसऱ्या कॉम्प्युटरवर जमा झालाच पाहिजे. जुना पीसी, त्यावर लिनक्स आणि फुकट मिळणारं आरसिसलॉग, एवढं पुरतं. राउटरमध्ये सिस्लॉगची सोय असेल, तर तिथे या पीसीचा आयपी आणि पोर्ट टाकायचा. विंडोज स्वतःहून सिस्लॉग पाठवत नाही. बिलिंगच्या कॉम्प्युटरवर त्यासाठी छोटा एजंट बसवावा लागतो.

धुळ्याच्या बॅचमध्ये एकाने विचारलं, "सर, सगळेच पोर्ट उघडून टाकू का?" नाही भाऊ! गोदामाला मागून-पुढून दहा दारं ठेवतो का आपण?

१. सिस्लॉगचा ठरलेला पोर्ट ५१४. लिनक्सवर १०२४ च्या खालच्या पोर्टला खास अधिकार लागतात, म्हणून बरेच जण ५५१४ घेतात. कोणताही घ्या, पण पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे तोच हवा.

२. यूडीपी म्हणजे माल गाडीत टाकला, पोच नाही. टीसीपीत पोच मिळते. राउटर टीसीपी देत असेल तर तेच घ्या.

३. फायरवॉलमध्ये फक्त आपल्याच उपकरणांचे आयपी येऊ द्या. इंटरनेटवरून हा पोर्ट दिसता कामा नये.

४. सगळ्यांचं घड्याळ एनटीपीने जुळवा. वेळ चुकली तर नोंद असून उपयोग नाही.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस जपायला सांगितलंय. तुम्हाला ते लागू आहे का, हे जाणकाराला विचारा. पण मी म्हणतो, नियमासाठी नको, माणसासाठी करा. रोजमेळ आपण रोज लिहितो, चोरी झाल्यावर नाही. लॉगचंही तसंच. चोर सापडेल न सापडेल, निदान प्रामाणिक माणूस तरी सुटेल.