जपानी क्रियापदे आणि इंग्रजीचा वळसा

जपानी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या वहीत ‘शिरु’ आणि ‘वाकारु’ या दोन क्रियापदांसमोर पुष्कळदा एकच इंग्रजी शब्द लिहिलेला असतो : ‘नो’. तेथून घोळाला आरंभ होतो. हा घोळ जपानी भाषेने घातलेला नाही. आपण मध्ये जो दुभाषी बसवला आहे, त्याचा तो प्रताप आहे.

‘शिरु’ म्हणजे माहीत होणे, ‘वाकारु’ म्हणजे कळणे. ‘मला जपानी कळते’ असे आपण म्हणतो, ‘मी जपानी कळतो’ असे नव्हे. जपानीतही जे कळते त्याला कर्माचा नव्हे, कर्त्याचा ‘गा’ हा प्रत्यय लागतो आणि ज्याला कळते त्याला चतुर्थीसारखा ‘नि’ लागू शकतो. इंग्रजीतून जाताना ही ओळखीची रचना नेमकी हरवते. शिवाय प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. ‘उद्या आपण काय करणार?’ असे कोणी विचारले आणि बेत ठरलेला नसला, तर ‘वाकारिमासेन’ म्हणावे. तेथे ‘शिरिमासेन’ म्हटले, तर ‘मला काय त्याचे?’ असा रुक्ष सूर लागतो. अभ्यासू विद्यार्थी अकारण उद्धट ठरतो, आणि का ठरला हे त्याला सहसा कोणी सांगत नाही.

‘ट्राय’चीही हीच कथा. ‘ताबेते मिता’ म्हणजे खाऊन पाहिले. ‘ताबेयो तो शिता’ म्हणजे खायला गेलो. घास तोंडात पडला की नाही, हे त्यात आलेले नाही. पहिल्या प्रयोगातील ‘मिरु’चा मूळ अर्थही पाहणे हाच! ‘कात्ते ओकु’ म्हणजे विकत घेऊन ठेवणे, आणि ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. (यावरून दोन्ही भाषांचे कूळ एक, असा तर्क मात्र कोणी करू नये.)

अर्थात मराठी सर्वत्र साथ देत नाही. मी दुसऱ्याला दिले तर ‘आगेरु’, दुसऱ्याने मला वा माझ्या माणसाला दिले तर ‘कुरेरु’. आपल्याकडे दोन्हींना ‘देणे’च. वस्त्रांच्या बाबतीत तर मराठी चकवते. नेसणे आणि घालणे हा भेद आपण वस्त्राच्या रीतीवरून करतो, जपानी माणूस शरीराच्या भागावरून : डोक्यावर ‘काबुरु’, कमरेखाली ‘हाकु’, अंगात ‘किरु’. किमोनो गुंडाळून बांधतात, तरी त्याला ‘किरु’च.

म्हणून विद्यार्थ्याच्या हाती जपानी-मराठी क्रियापदकोश द्यावा, आणि तो शब्दाला शब्द न देता वाक्याला वाक्य देणारा असावा, असे आमचे मत आहे. पुण्यात, दिल्लीत, शांतिनिकेतनात जपानी शिकवणाऱ्यांनी हे काम एकत्र बसून करावे. ‘खाऊन पाहणे’ ही रचना हिंदीत आहे, बंगालीत आहे, तमिळमध्येही आहे. एका पानावर या चारही भाषा जपानीशेजारी सहज मावतील.